कातळाचा विराम

“मग चूक कोणाची, सर? निर्झरची की माझी?”

निरंजन खांबेटेने हे विचारलं खरं, पण उत्तर तो पुण्याहून सोबतच घेऊन आला होता. चूक निर्झरची. आता ते फक्त समोरच्या माणसाच्या तोंडून ऐकायचं बाकी होतं.

समोरचा माणूस डोंग्यात उकिडवा बसून शिंगाडे तोडत होता.

तलावावर धुकं होतं. डोंग्याचं दुसरं टोक कसंबसं दिसे. काठ तर कधीच नाहीसा झाला होता. भंडाऱ्याकडच्या त्या तलावावर कार्तिक सरता सरता असं धुकं उतरतं, आणि नऊ वाजले तरी त्याला उठायची घाई नसते. शिंगाड्याची पानं पाण्यावर दाट पसरली होती आणि त्यांच्यातून डोंगा आवाज न करता सरकत होता.

निरंजन काल दुपारपासून प्रवासात होता. आधी रेल्वे, मग पहाटेची एसटी, मग कोणाच्या तरी दुचाकीवर मागे. त्याला मधूनच वाटे, आपण अजून रेल्वेतच झोपलो आहोत आणि हे सगळं खिडकीच्या काचेवर दिसतं आहे.

“पाय आत घे न,” सर म्हणाले. “डोंगा कलंडते.”

त्याने पाय आत घेतले.

दौलतराव नान्हे ढिवराच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या घरातले. याच तलावावर लहानाचे मोठे झाले, शिकायला नागपूरला गेले, नोकरीला पुण्याला. तिथे त्यांनी कातळ नावाचा सर्व्हर लिहिला आणि तीस वर्षं सांभाळला. निवृत्त झाले तसे उठून गावी आले. पुण्याने त्यांची भाषा बदलली नव्हती, त्यांनीही पुण्याला फारसं बदललं नव्हतं. गाव आता त्यांना दौलतकाका म्हणे. हाताखाली शिकलेली मंडळी मात्र अजून सरच म्हणत, आणि त्यांतला सगळ्यांत हुशार कोण असं विचारलं तर निरंजनने स्वतःचं नाव सांगायला वेळ लावला नसता.

“पुन्हा सांग,” सर म्हणाले. “सावकाश सांग.”

इथे वाचकाला थोडं सांगायला हवं, नाहीतर तो काठावरच राहायचा. वेबवरच्या कुठल्याही अर्जामागे दोघांचा संसार असतो. एक सर्व्हर. तो दारावर उभा राहून येणाऱ्याची विनंती आत घेतो आणि तयार झालेलं उत्तर बाहेर देतो. दुसरं फ्रेमवर्क. आत त्या विनंतीचं काय करायचं, ते फ्रेमवर्क बघतं. दोघांचं पटलं तर आत कोणी आहे हे बाहेरच्याला कळतही नाही. बिनसलं तर मात्र अर्ज भरणाऱ्याचे हाल कुत्रा खात नाही.

कातळ हा सर्व्हर सरांचा. जास्वंद हे फ्रेमवर्क निरंजनचं. सहा वर्षं दोघांचं गोड चाललं होतं. आता कातळ जुना झाला म्हणून त्याच्या जागी निर्झर नावाचा नवा सर्व्हर येत होता.

“प्रत्येक विनंतीसाठी सर्व्हर एक पाटी घेतो,” निरंजन म्हणाला. “कोण आलं, काय मागतंय, सगळं त्या पाटीवर. काम झालं की पाटी पुसून पुढच्याला.”

“हं.”

“कातळ ती लगेच पुसत नाही. उत्तर बाहेर गेलं तरी पाटी तशीच धरून ठेवतो, पुढचा माणूस येईपर्यंत. तेवढ्या वेळात जास्वंद पाटीवरचं वाचून आपल्या वहीत उतरवून घेते. ही अर्ज भरणारी मुलगी कोण, कुठली, हिचा अर्ज कुठपर्यंत आला. पुन्हा आली की ओळखता यावी म्हणून.”

“अन् निर्झर?”

“उत्तर गेलं त्या क्षणी पुसतो. जास्वंद बघायला जाते तर पाटी कोरी. मुलीने सगळं भरलेलं असतं, सर. नाव, गाव, शाळा. आणि ती पुढच्या पानावर गेली की जास्वंद तिला विचारते, आपण कोण?”

सरांनी शिंगाड्याचा एक झुपका अलगद उलटा केला. खाली काळपट हिरवी, दोन शिंगांची फळं लोंबत होती.

“आपण कोण...” ते स्वतःशीच म्हणाले. “सवाल काही वाईट नाही.”

निरंजनला हसू आलं नाही. आज गुरुवार होता. सोमवारी सरकारी खात्याचे सगळे सर्व्हर बदलणार होते. मुलींच्या वसतिगृहांच्या प्रवेशाचे अर्ज जास्वंदवर चालत, आणि जास्वंदकडे मोठं म्हणावं असं तेवढं एकच काम होतं. सोमवारपर्यंत ती निर्झरवर चालली नाही तर काम दुसऱ्या फ्रेमवर्ककडे जाणार, हे खात्याने लेखी कळवलं होतं. म्हणजे जास्वंद संपली. सहा वर्षांत त्याच्या मित्रांनी दोन दोन नोकऱ्या बदलल्या, घरं घेतली, आणि हा पठ्ठ्या जास्वंदीच्या मुळाशी पाणी घालत बसला होता. ती गेली तर आपल्याजवळ दाखवायला काय उरतं, हा विचार त्याला झोपू देत नसे.

“बाकीचे फ्रेमवर्क निर्झरवर चालून राहिले?” सरांनी विचारलं.

“चालतात.”

“किती?”

“सगळे.”

“अन् बरोबर कोण आहे?”

“जास्वंद.”

सरांनी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे धुक्यात नीट दिसलं नाही.

“तोड न तूही,” ते म्हणाले. “बसल्या बसल्या.”

निरंजनने जवळचा झुपका उलटला आणि एक फळ ओढलं. ते सुटेना. त्याने जोर केला, तसा काटा बोटात गेला.

“पिकलेला हात लागला की सुटते. कच्चा ओढला तर टोचते. झुपका परत सरळ ठेव, पानं वर. नाहीतर वेल सडते.”

त्याने झुपका सरळ ठेवला आणि बोट चोखलं. शिंगाडे तोडायला तो आलाच नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायचा त्याचा स्वभाव नव्हता, म्हणून त्याने पिशवीतून प्लास्टिकचं पाकीट काढलं आणि पाकिटातून पत्र.

“सर, तुमची एक सही हवी आहे.”

“कशावर?”

“नियमपुस्तकात पाटी केव्हा पुसायची यावर एक अक्षर नाही. ज्याला जसं वाटलं तसं त्याने केलं. हे पत्र नियम ठरवणाऱ्या समितीला आहे. उत्तर गेल्यावर प्रत्येक सर्व्हरने थांबावं, पाटी लगेच पुसू नये, असा नियम करा म्हणून. तुमचा शब्द तिथे खाली पडत नाही. उद्या समिती बसते आहे. तुमची सही दिसली तर निर्झरवाले शनिवारपर्यंत बदल करतील, तसं त्यांनी मला सांगितलंय.”

“सगळ्या सर्व्हरांनी थांबायचं?”

“सगळ्यांनी.”

“जास्वंदसाठी...”

“जास्वंदसाठी नाही, सर. विरामासाठी.”

आणि मग निरंजन सुरू झाला. हा विषय निघाला की त्याला आवरणं कठीण. कातळ पाटी पुसायला जो क्षण लावतो, त्याचं नाव त्याने ठेवलं होतं नान्हे-विराम. त्यावर चौतीस पानांचा निबंध लिहिला होता, तीन शहरांत भाषणं दिली होती. पाहुणा उंबऱ्याबाहेर पडला की लगेच कडी लावायची नसते, तो वळणापर्यंत जाईतो दारात उभं राहायचं असतं. ती आपली रीत कातळाने यंत्रात आणली, असं तो सांगे. ऐकणारे माना डोलवत. नवी पोरं कामाला लागली की पहिल्या दिवशी त्यांना विराम शिकवला जाई, मग बाकीचं. जास्वंदचा प्रत्येक भाग त्या क्षणावर बेतलेला होता.

सर ऐकत होते. मधूनच झुपका उलटत, दोन फळं टोपलीत टाकत, झुपका सरळ ठेवत.

निरंजन दमून गप्प झाला.

...

“दे,” सर म्हणाले.

त्यांनी गळ्यातल्या पंच्याला हात पुसले. कागद मांडीवर घेतला, न वाचता शेवटी गेले आणि सही केली. स्वच्छ, पूर्ण नावानिशी, तारखेसकट.

“वाचलं नाहीत?”

“वाचू काय त्यात? विराम माझ्या नावाचा आहे म्हणतोस.”

निरंजनने कागद हातात घेतला. शाई थोडी ओली होती. त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, इतकं एकदम की त्याला हलकं, रिकामं वाटायला लागलं. सोमवार आता नुसता सोमवार राहिला होता.

डोंगा कुठे चालला होता कोण जाणे. सरांनी बांबू आडवा ठेवला होता आणि पाण्याला वाटेल तिकडे ते नेत होतं. दूर कुठेतरी पाणकोंबडी ओरडली. धुक्यातून एक पिवळसर उजेड झिरपत होता आणि त्यात सरांचा चेहरा आधी म्हातारा, मग तरुण, मग कोणाचाच नाही असा दिसला. निरंजनला आठवेना, आपण इथे कितीसा वेळ आहोत.

आता मिळवायचं काही उरलं नव्हतं. म्हणून असेल कदाचित, त्याला एक गोष्ट विचारावीशी वाटली. सहा वर्षांत ती विचारायची त्याला कधी गरज पडली नव्हती.

“सर... तो विराम तुम्हाला सुचला कसा?”

सरांचे हात थांबले. त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“सुचला नाही,” ते म्हणाले. “पाटी पुसायची राहिली.”

...

“म्हणजे?”

“उत्तर पाठवायची ओळ लिहिली. तिच्याखाली पाटी पुसायची ओळ लिहायची होती. भूक लागली. जेवून आलो, अन् पुढचं लिहायला बसलो. डब्यात वांग्याची भाजी होती, ते आठवते. ओळ राहिली ते नाही आठवलं. पुढचा माणूस आला की पाटीवर त्याचं लिहिलं जायचं, म्हणून कोणाले कळलंही नाही.”

निरंजन हसला. सर थट्टा करताहेत. सर नेहमीच...

सर थट्टा करत नव्हते.

“गावी आल्यावर आठवलं. इथंच, या डोंग्यात. त्या दिवशी तुले फोन केला होता मी.”

तो फोन निरंजनला चांगला आठवत होता. निबंध नुकताच पुरा झाला होता. सरांचा आवाज ऐकून त्याला कोण आनंद झाला होता! पाऊण तास त्याने त्यांना विराम समजावून सांगितला होता.

“मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तू थांबला नाहीस.”

धुक्यात कुठेतरी मासा उसळला आणि पाणी पुन्हा मिटलं.

“सर,” निरंजनने विचारलं, “मग आत्ता सही का केलीत?”

“तू सहीच मागितली न. सवाल आता आणला.”

निरंजन कागदाकडे पाहत राहिला. कागद खरा होता, सही खरी होती. डोंगा काठाला लागला की पाठवून द्यायचा. उद्या समिती, शनिवारी निर्झर. सोमवारी जास्वंद जिवंत. आणि त्यानंतर जगात जो जो सर्व्हर लिहिला जाईल, तो दौलतराव नान्ह्यांच्या एका दुपारच्या जेवणापायी थांबेल. का थांबायचं हे कोणालाच माहीत नसेल. निरंजनचा निबंध मात्र सगळ्यांजवळ असेल.

पाठवला तर कोणाला कळणार होतं? सर काही बोलणार नव्हते, हे त्याला ठाऊक होतं. तीच तर पंचाईत होती.

“एक सांग,” सर म्हणाले. “गर्दी असली तर काय होते? उत्तर गेलं, तुझी जास्वंद पाटी वाचायला निघाली, अन् ती पोचायच्या आधीच पुढचा माणूस आला तर?”

“तर कातळ पाटीवर पुढच्याचं लिहायला घेतो, आणि जास्वंद...”

तो बोलायचा थांबला.

“जास्वंद पुढच्याचं वाचते,” तो हळूच म्हणाला. “आणि आधीच्याच्या नावावर उतरवते.”

वर्षाला दोन-चार तक्रारी येत. माझ्या अर्जात दुसरीचंच गाव आलं आहे. माझ्या नावापुढे दुसरी शाळा आहे. नेहमी शेवटच्या तारखेला, झुंबड उडालेली असताना. निरंजन स्वतः उत्तरं लिही. एकच उत्तर ठरलेलं: अर्ज काळजीपूर्वक भरावा. एटापल्लीकडच्या एका मुलीने तीनदा लिहिलं होतं. तिसऱ्या वेळी तिने आईचा अंगठाही पत्रावर लावून पाठवला होता, की मुलगी खोटं बोलत नाही. त्यालाही तेच उत्तर गेलं. तिला त्या वर्षी वसतिगृह मिळालं नाही.

हे त्याने सरांना सांगितलं. सांगताना एकदाही मान वर केली नाही.

सरांनी हातातला झुपका पाण्यावर ठेवला. पानं खाली गेली, मुळं वर. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

“हे मले माहीत नव्हतं,” ते म्हणाले.

...

“मीही मग तुले पुन्हा फोन केला नाही,” ते पुढे म्हणाले. “वाटलं, चालून राहिलं न. तुझं चांगलं चाललं होतं, माझ्या नावाचं कौतुक होतं. मलेही गोड लागलं असेल. कोणाले नाही लागत?”

निरंजनला वाटलं होतं, आपण रागावू. राग आलाच नाही. त्याला फक्त फार लाज वाटली, आणि लाजेच्या खाली, का कोण जाणे, या म्हाताऱ्याबद्दल पूर्वी कधी वाटली नव्हती इतकी माया वाटली. डोळे भरून आले. एवढ्या धुक्यात ते कोणाला दिसणार, म्हणून त्याने ते पुसलेही नाहीत.

डोंगा पानांमध्ये अडकून उभा राहिला होता.

मग निरंजनने पत्र उलटं केलं. कोऱ्या बाजूवर पेन टेकवलं. हे काम त्याला येत होतं, आणि खरं म्हणजे एवढंच येत होतं.

“वाचून घ्यायचं ते उत्तर पाठवायच्या आधी,” तो पुटपुटला. “पाटी हातात आहे तोवर. मग निर्झर लगेच पुसो नाहीतर वर्षाने पुसो...”

त्याने ओळ लिहिली. खाली दुसरी लिहिली. वाचून पाहिली.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. सहा वर्षांचं शास्त्र, चौतीस पानं, तीन शहरं; आणि दुरुस्ती काय, तर खालची ओळ उचलून वर ठेवायची. बाकीच्या सगळ्या फ्रेमवर्कांनी पहिल्या दिवसापासून तेच केलं होतं. त्यांना कोणी विराम शिकवला नव्हता.

“सोमवारपर्यंत होईल?” सरांनी विचारलं.

“आज संध्याकाळपर्यंत होईल. मग सगळ्यांना कळवावं लागेल की विराम वगैरे काही नव्हतं. निबंध मागे घ्यावा लागेल. पोरं हसतील.”

“हसतील.”

“त्याआधी त्या मुलीला लिहायचं आहे. अर्ज तिने नीटच भरला होता, म्हणून. इतक्या वर्षांनी त्याचा काय उपयोग, माहीत नाही.”

“दोघांच्या नावानं लिही,” सर म्हणाले.

त्यांनी बांबू उचलला. पानं बाजूला झाली, डोंगा हलला. उजेड वाढत होता, तरी काठ अजून कुठे नव्हता. निरंजन कागदाची घडी घालून बसला. एका बाजूला सही, दुसऱ्या बाजूला दोन ओळी. त्याला जास्वंदीचा पहिला दिवस आठवला. कातळावर ती पहिल्यांदा चालली तेव्हा तो खुर्चीतून उठून नाचला होता.

“सर,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसता थकवा होता. “म्हणजे माझी जास्वंद सहा वर्षं तुमच्या एका विसरण्यावर उभी होती.”

सरांनी बांबू पाण्यात खोल रोवला आणि त्यावर भार दिला.

“अन् माझा कातळ तीस वर्षं कशावर उभा होता वाटते तुले?”